जपानी मोटार दारांत आणावी काय?

गेल्या वर्षीं पाडव्याची गुढी उभारून होते न होते तोंच आमच्या विष्णुपुरीच्या घरीं ऑकलंडहून फोन आला. थोरले बंधू ओसरीवर आरामखुर्चींत बसले होते. मातोश्री कडुनिंबाची चटणी बोटबोट सर्वांच्या हातावर ठेवीत होत्या. बंधूंचा मुलगा न्यूझीलंडांत जाऊन अकरा वर्षें झालीं. वडिलांच्या प्रकृतीचें मान पाहून त्यानें कायमचें परत यावयाचें ठरविलें होतें. ही वार्ता ऐकून वहिनींच्या डोळ्यांस पाणी आलें. मग जरा थांबून तो म्हणाला, “पण मी एकटा येणार नाहीं. तिला येथें टाकून येणें माझ्यानें व्हायचें नाहीं.”

मातोश्रींचा चटणीचा हात तसाच राहिला. “कोण रे ती? इतके दिवस बोलला कामून नाहींस?”

ती म्हणजे मोटार होती. तांबड्या रंगाची, दोनच माणसें बसतील एवढी, कापडी छपराची, जपानांत जन्मलेली आणि तीस वर्षांहून अधिक वयाची. मातोश्रींची त्या क्षणीं निराशा झाली कीं सुटका, तें मला आजवर नीटसें कळलेलें नाहीं.

पुढले सहा महिने ह्या मोटारीवरून आमच्या घरांत जें कांहीं घडलें तें ह्या सदरांत सांगावें असें वाटतें. मुलें परदेशीं असलेलीं घरें आमच्या वाचकांत पुष्कळ आहेत आणि जुन्या जपानी मोटारीचा मोह त्या मुलांपैकीं कित्येकांना होतो. शिवाय अलीकडे तो मोह दलालांच्या पायांनीं घरबसल्याहि चालून येतो, आणि तो अधिक घातक असतो.

ह्या मोटारीशीं माझी ओळख जुनी. २०१९ च्या मार्चांत वहिनींना घेऊन मी दोन महिने ऑकलंडला राहून आलों. येथल्या, विष्णुपुरीच्याच, श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेचा तो पदवीधर, पगार चांगला. त्याच्या दारांत नवी कोरी, चार दारांची, घरंदाज मोटार असेल अशी माझी कल्पना होती. विमानतळावर तो मित्राची मोटार मागून घेऊन आला. त्याच्या स्वतःच्या मोटारींत आई, काका आणि सामानाच्या पेट्या ह्यांपैकीं एका वेळीं एकच कांहीं तरी मावण्यासारखें होतें. मला राग आला, हें कबूल करतों. आमच्या पिढींत चैन करावयाची तरी ती सर्वांना घेऊन करण्याची रीत. दोन आसनांची मोटार म्हणजे घरांतील बाकीच्यांना ‘तुम्ही येऊं नका’ असें लेखी कळविण्यासारखें मला वाटलें.

न्यूझीलंड हें जपानी मोटारींचें सासर आहे. त्या देशांत आणि जपानांत आपल्याप्रमाणेंच रस्त्याच्या डाव्या अंगानें वाहनें हाकतात, त्यामुळें उजवीकडे चाक असलेली जपानी मोटार तेथें जशीच्या तशी चालते. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्या देशानें आयातीवरचीं बंधनें सैल केलीं, आणि वापरलेल्या मोटारींनीं भरलेलीं जहाजें जपानी बंदरांतून येऊं लागलीं. पुढें जकातहि उठली, आणि १९९८ सालीं तेथें मोटारी जुळविण्याचे उरलेसुरले कारखाने बंद झाले.

जपानी लोक धडधाकट मोटारी कां काढून टाकतात, हा प्रश्न कोणासहि पडेल. ठराविक वर्षांनीं मोटार मोडलीच पाहिजे असा तेथें कायदा आहे, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. ती खरी नाहीं. तेथें ‘शाकेन’ नांवाची सक्तीची तपासणी आहे, नव्या मोटारीस तीन वर्षांनीं आणि त्यानंतर दर दोन वर्षांनीं. त्या वेळीं तपासणीचें शुल्क, वजनावरचा कर, सक्तीचा विमा आणि दुरुस्ती हीं सारीं एकदमच अंगावर येतात. मोटारीनें तेरा वर्षें ओलांडलीं कीं करहि चढतो. शहरांत तर मोटार उभी करावयास जागा आहे असा पोलिसांचा दाखला असल्यावांचून ती नांवावर होत नाहीं. तेव्हां तपासणी जवळ आली कीं हिशेबी मनुष्य मोटार लिलावास पाठवितो.

पुतण्याची मोटार माझदा कंपनीची. हिरोशिमाच्या ह्या कंपनीचें नांव तिच्या संस्थापकांच्या मात्सुदा ह्या आडनांवाशीं जुळतें. पण तें अवेस्तांतील अहुर मज्द ह्या देवतेवरूनहि घेतलें आहे, आणि त्यांतील ‘अहुर’ म्हणजे आपल्या वैदिक ‘असुर’ शब्दाचा इराणी बंधु. हें मीं बंधूंना सांगितलें तेव्हां आजारपणांतहि ते हंसून म्हणाले, “मग बरोबर आहे, असुरच आहे तो.” हलक्या, उघड्या, दोन आसनी मोटारी करणें जगांतील बहुतेक कारखान्यांनीं सोडून दिलें होतें, अशा वेळीं १९८९ सालीं माझदानें ही मोटार काढली. जपानांत तिचें नांव युनोस रोडस्टर, अमेरिकेंत मियाटा, इतरत्र एमएक्स-५. जुन्या इंग्रजी मोटारींचा तोंडवळा घ्यावा, परंतु त्यांचें तेल गळणें आणि विजेच्या तारांचा लहरीपणा घेऊं नये, असा तिच्या कर्त्यांचा बेत होता, आणि तो इतका साधला कीं २०१६ सालीं दहा लाखावी मोटार कारखान्याबाहेर पडली. तिचें वजन एक टनाच्या आंत आहे. पहिलें इंजिन सोळाशें घनसेंटीमीटरांचें, म्हणजे आपल्या बेताच्या चार दारी मोटारींत असतें तेवढेंच. तिच्या कर्त्यांनीं ध्येय म्हणून एक जपानी शब्द पुढें ठेवला होता, ‘जिनबा इत्ताई’: घोडा आणि स्वार ह्यांचें एक अंग होणें.

तो शब्द ऐकतांच मला आमचे आजोबा आठवले. माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. आजोबा दोन दिवस नुसते पाहत हिंडत. दांत पाहावयाचे, खूर उचलून पाहावयाचे, अंगावरचे भोंवरे मोजावयाचे, आणि मालक बोलूं लागला कीं घोड्याकडे पाहावयाचें सोडून मालकाकडे पाहावयाचें. त्यांचा नातू ऑकलंडच्या अंगणांत एक कागद माझ्यासमोर पसरून हीच विद्या मला सांगूं लागला, तेव्हां माझा अर्धा राग गेला.

तो कागद लिलावगृहाचा होता. जपानी लिलावांत विकावयास आलेल्या प्रत्येक मोटारीस तपासनीस गुण देतो. पांच वा अधिक म्हणजे नव्यासारखी, चार म्हणजे चांगली, तीन म्हणजे अंगावर खुणा असलेली, आणि गुणांच्या जागीं ‘आर’ हें अक्षर असेल तर अपघातानंतर सांगाड्याची दुरुस्ती झालेली. खालीं मोटारीची चारी बाजूंनीं उलगडलेली आकृति असते आणि तिच्यावर बारीक अक्षरें. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे ठोकून रंगविलेल्या पत्र्यावर राहिलेली लहर, एस म्हणजे गंज, सी म्हणजे गंजानें पत्रा खाल्ल्याचें चिन्ह. नवशिके खरेदीदार आंकडा पाहतात. जाणते आकृति पाहतात. पुतण्यानें साडेतीन गुणांची मोटार घेतली होती. तिच्यावर डब्ल्यू दोन ठिकाणीं होता, ओरखडे पुष्कळ होते, पण एस कोठेंहि नव्हता. चार गुणांची आणि आकृतीवर एकुलता एक एस असलेली दुसरी मोटार त्यानें सोडून दिली. पोचा दिसतो आणि तेवढाच राहतो. गंज दिसत नाहीं आणि वाढतो. मात्र हा कागद विकणाऱ्याच्या हातून घेऊन त्यावर विसंबूं नये. तो नकली बनविणें अवघड नाहीं, म्हणून सांगाड्याच्या क्रमांकावरून मूळ नोंदीची नक्कल आपण स्वतंत्रपणें, पैसे भरून मागवावी.

पहिल्या वर्षीं मोटारीच्या किमतीच्या निम्म्याइतका खर्च आणखी झाला, असें त्यानें सांगितलें. मोटार नव्वद हजार किलोमीटर चाललेली होती, आणि इंजिनांतील टायमिंगचा पट्टा एक लाखाच्या सुमारास बदलावयाचा असतो. जुन्या जपानी मोटारी पुष्कळदां त्या आंकड्याच्या जरा अलीकडेच बाजारांत येतात, त्यांत योगायोग थोडा आणि हिशेब फार. पट्ट्याबरोबर पाण्याचा पंप, रबरी नळ्या, आणि रेडिएटर; कारण रेडिएटरच्या वरची काळी प्लॅस्टिकची टाकी म्हातारपणीं हिरवट-पिवळी पडते आणि एके दिवशीं न सांगतां फुटते. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषून घेतें, म्हणून दर दोन वर्षांनीं नवें. टायरांची नक्षी पाहतां ते नव्यासारखे होते. परंतु टायराच्या बाजूवर चार आंकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढले दोन वर्षाचे. ‘०९०८’ ह्याचा अर्थ २००८ सालचा नववा आठवडा. आठ वर्षांचें रबर दिसावयास कितीहि ठसठशीत असो, पावसांत तें पकडत नाहीं. हे आंकडे आपल्या दारांतल्या मोटारींवरहि असतात. मे महिन्यांत चव्वेचाळीस अंशांच्या उन्हांत नांदेडहून लातुरास जाणाऱ्या आमच्या वाचकांनीं ते आज संध्याकाळीं एकदां अवश्य पाहावेत. मीं पाहिले, आणि दुसऱ्या दिवशीं दोन टायर बदलले.

पण खरी परीक्षा पाण्यानें केली. दुसऱ्या हिवाळ्यांत मोटारीच्या आंत, पायाखालचा गालिचा ओला राहूं लागला. कापडी छपरांतून गळत असेल म्हणून त्यानें छपराचें कापड बदलविलें. ओल तशीच. ज्या दुरुस्तीच्या दुकानीं तो जाई तेथें दोनदां पैसे देऊनहि उलगडा झाला नाहीं. शेवटीं शेजारच्या एका वृद्ध निवृत्त फिटरनें आसनांच्या मागें, छपराच्या घडीखालीं दोन बारीक नळ्या दाखविल्या. छपरावरचें पाणी त्यांतून खालीं रस्त्यावर जावयाचें. त्या पानांच्या चोथ्यानें तुंबल्या कीं पाणी दाराखालच्या पोकळ तुळईंत उतरतें आणि आंतून तिला कुजवितें. बाहेरून रंग झगझगीत, आंत चाळण. दर सहा महिन्यांनीं तेथें सरकारी तपासणी होत असे, सन २००० पूर्वीं नोंदलेल्या मोटारींस तसा नियम होता, आणि सांगाड्यास गंज निघाला तर मोटार रस्त्यावर आणावयास बंदी. एक मऊ तार घालून तो चोथा काढावयास दहा मिनिटें लागलीं. तुळई वेळेवर वांचली. त्या दिवसापासून दर शनिवारीं तो त्या वृद्धाकडे शिकावयास जाऊं लागला.

एका रात्रीं चहा घेतांना तो मला म्हणाला, “काका, पहिल्या वर्षीं कचेरीबाहेर माझ्याशीं कोणी बोलत नव्हतें. शुक्रवारीं संध्याकाळीं दार लावलें कीं सोमवारीं सकाळींच तोंडांतून शब्द निघायचा. ह्या मोटारीनें मला माणसें दिलीं.” वहिनी आंत पोळ्या लाटीत होत्या, त्यांचें लाटणें क्षणभर थांबलें. मी चैनीबद्दल जें बोलणार होतों तें मग बोललों नाहीं.

आतां पाडव्याच्या फोनकडे येऊं. ‘तिला’ विष्णुपुरीस आणतां येईल काय, ह्याचें उत्तर आमच्या ओसरीवर ठरणारें नव्हतें. आपल्या आयातीच्या नियमांप्रमाणें परदेशांतून आणावयाची वापरलेली मोटार बनल्यापासून तीन वर्षांहून अधिक जुनी चालत नाहीं. चाक उजव्या हातास पाहिजे, दिव्यांचा झोत डावीकडून चालणाऱ्या रहदारीस योग्य पाहिजे, पुढें निदान पांच वर्षें ती रस्त्यावर चालण्यास लायक पाहिजे, आणि ती उतरावयाची मुंबईच्याच बंदरांत. हें सारें जुळलें तरी जकातच मुळीं मोटारीच्या किमतीहून अधिक, आणि तिच्यावर पुन्हां इतर कर. प्रत्येक देशाची रेघ निराळी असते. केनियांत ती आठ वर्षांवर आहे. अमेरिकेंत तर उलटें; पंचवीस वर्षें पुरीं झालेली मोटार तेथील सुरक्षेच्या नियमांतून सुटते, आणि १९९० नंतरच्या जपानी मोटारींचे भाव अलीकडे जगभर चढले त्याचें हें एक कारण आहे. आपल्याकडे पन्नास वर्षांवरील मोटारींकरितां २०२१ सालीं स्वतंत्र नोंदणी सुरू झाली, तिच्या पाटीवर ‘व्हीए’ हीं अक्षरें येतात. परंतु तसली मोटार रोज फिरवितां येत नाहीं. आमची तांबडी तर अजून पस्तिशीच्या आंतली. तारुण्यास उशीर झालेला आणि वार्धक्यास अवकाश, अशा वयांत कोठेंच स्थळ जुळत नाहीं, असें मातोश्री म्हणाल्या.

मे महिन्यांत त्यानें ती विकली. घेणारी एक पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी, परिचारिका. जूनमध्यें तो आला तेव्हां त्याच्या सामानांत पान्यांचा एक जड संच होता आणि त्यापायीं विमान कंपनीस भरलेल्या जादा भाड्याची पावती.

गोष्ट येथें संपती तर ह्या सदरांत आली नसती. जुलैंत कोणा ओळखीच्या मार्फत मुंबईच्या एका दलालाचा निरोप आला. जपानी स्पोर्ट्स मोटार आहे, दोन दारांची, ‘कागद साफ’, फक्त साडेबावीस लाख. ऑकलंडहून आणलेली त्याची सारी शिल्लक ह्याहून फार नव्हती. पैसा त्याच्या कष्टाचा. ‘नको’ म्हणण्याचा मला अधिकार काय, असा प्रश्न मीच मला विचारला. बंधूंनीं एवढेंच सांगितलें कीं, काका बरोबर जाऊं दे.

मुंबईच्या एका उपनगरांत, पत्र्याच्या शेडमध्यें ती उभी होती. मोटार देखणी होती ह्यांत शंका नाहीं. पुतण्या सवयीनें खालीं वांकून तुळया ठोकून पाहूं लागला. मी आजोबांच्या सवयीनें मालकाकडे पाहूं लागलों. मीं नोंदणीचें पुस्तक मागितलें. त्यांत मोटारीचें वर्णन होतें एका साध्या, येथेंच बनलेल्या, चार दारांच्या मोटारीचें. समोर दारें दोन! सांगाड्याचा क्रमांक पुस्तकांतल्या क्रमांकाशीं जुळत होता खरा, पण ज्या पत्र्यावर तो होता त्या पत्र्याच्या कडेला नव्या जोडकामाचा फुगवटा पुतण्यानेंच बोटानें चांचपून पाहिला आणि तो उठून उभा राहिला. मीं सीमाशुल्क भरल्याचा कागद, ज्यास ‘बिल ऑफ एंट्री’ म्हणतात, तो मागितला. “पुढच्या आठवड्यांत देतों, मुंबईत अशा शंभर गाड्या फिरतात, शेठ,” असें उत्तर मिळालें.

ह्या धंद्याची रीत अशी कीं परदेशी मोटार तुकड्यांच्या रूपानें, सुटे भाग म्हणून येते. येथें ते तुकडे सांधतात आणि एखाद्या मोडीत निघालेल्या देशी मोटारीचे कागद तिला लावतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ ह्याचें बावन्नावें कलम सांगतें कीं नोंदणींत असलेल्या मूळ तपशिलांशीं विसंगत असा बदल वाहनांत करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंहि जानेवारी २०१९ मध्यें तोच अर्थ उचलून धरला. चोरट्या आयातीचा माल ठरला तर सीमाशुल्क अधिनियम, १९६२ खालीं तो कितव्याहि मालकाच्या दारांतून जप्त होऊं शकतो, आणि ‘मीं पैसे मोजून घेतला’ ह्या म्हणण्यानें मोटार वांचत नाहीं. ह्याहि पलीकडची गोष्ट मला अधिक भिववीत होती. कागदावर एक मोटार आणि रस्त्यावर दुसरी असली तर विमा कोणत्या मोटारीचा? विद्यापीठासमोरच्या रस्त्यावर संध्याकाळीं मुलांची केवढी गर्दी असते, शासकीय रुग्णालयाकडे जाणाऱ्या रुग्णवाहिका त्याच रस्त्यानें धांवतात. उद्यां दुर्दैवानें एखादा मुलगा चाकाखालीं सांपडला आणि विमा कंपनीनें हात वर केले, तर भरपाईचा दावा ज्याच्यावर लागेल त्याचा हिस्सा ह्याच घरांत आणि ह्याच शेतांत आहे.

हें सारें मीं परतीच्या प्रवासांत त्याला सांगितलें. सांगण्यांत माझी चूक झाली. त्याला तें आधींच कळलें होतें. जोडकामावरून फिरलेलें त्याचें बोट मीं पाहिलें होतें, तरीहि मी सांगत राहिलों. परभणी गेल्यावर तो म्हणाला, “काका, तुम्हां लोकांना फक्त भीति विकत घ्यायची सवय आहे.” पुढें महिनाभर आमच्यांत कामापुरतें बोलणें होतें.

दुसरा मार्ग नव्हता असें नाहीं. निस्साननें आपली ३७०झेड २०१० सालीं येथें रीतसर आणून विकली होती. तिच्या जुन्या मोटारी क्वचित् विक्रीस निघतात आणि त्यांचे कागद सरळ असतात. त्याच कंपनीची जीटी-आर २०१६ च्या डिसेंबरांत आली, पण तिची किंमत दोन कोटींच्या घरांत, तेव्हां तिचें नांव घरांत कोणीं काढलें नाहीं. ३७०झेडची चौकशी मात्र त्यानें मनापासून केली. किंमत त्याच्या आवांक्याबाहेर होती. शिवाय दुरुस्तीस जवळांत जवळ हैद्राबाद, म्हणजे सुमारें पावणेतीनशें किलोमीटर, आणि ब्रेकची एक पट्टी हवी तरी मागणी नोंदवून वाट पाहावयाची. काळेश्वराच्या देवळाकडे वळतांना जे गतिरोधक आहेत त्यांवर अशी खुजी मोटार पोट घांसल्याशिवाय पार होणें कठीण. ऑकलंडांत तो जें शिकला त्यांतलें बरेंचसें येथें उलटें पडतें, हेंहि त्याच्या ध्यानांत आलें. तेथें शत्रु पाणी. येथें ऊन आणि काळ्या मातीची धूळ. कापडी छपरास दोन उन्हाळे पुरे, दारांचीं रबरें तडकतात, हवेची जाळी कंपनीनें सांगितलेल्या मुदतीच्या निम्म्यांतच बदलावी लागते.

सप्टेंबरांत वर्तमानपत्रांत बातमी आली. भूतानमार्गें चोरून आणून खोट्या कागदांवर नोंदलेल्या जुन्या परदेशी मोटारींचा केरळांत सीमाशुल्क खात्यानें शोध चालविला होता. कित्येक मोटारी जप्त झाल्या होत्या, आणि मालकांत नांवाजलेली माणसेंहि होतीं. पुतण्यानें तें पान कांहीं न बोलतां माझ्या चहाच्या कपाखालीं सरकविलें. मीं वाचलें, घडी घातली, आणि मीहि कांहीं बोललों नाहीं. दुपारीं तो बंधूंच्या जुन्या मोटारीखालीं शिरला. संध्याकाळपर्यंत अंगणांत पान्यांचा आवाज येत होता.

अलीकडे एका रात्रीं दीड वाजतां त्याच्या खोलींतला दिवा दिसला म्हणून मी डोकावलों. ऑकलंडांत तेव्हां सकाळ असते. ती परिचारिका त्याच्याशीं बोलत होती. रात्रभर पाऊस झाला होता आणि पायाखालचा गालिचा भिजला होता. तो तिला सांगत होता, आसन पूर्ण पुढें घे, छपराची घडी उचल, कोपऱ्यांत बोट घाल; नाहीं, डावीकडे नव्हे, आधीं उजवीकडे; तार मऊ घे, जोर करूं नको. बंधूहि जागे झाले होते आणि काठी टेकीत माझ्यामागें येऊन उभे राहिले होते. त्या मोटारीस पाडव्यापासून ते असुर म्हणत आलेले. बराच वेळ पलीकडून कांहीं ऐकूं आलें नाहीं. मग त्यांनींच विचारलें, “निघालें का रे पाणी?”